विचारल्याने मुलं बिघडत नाहीत, वाचतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला तो वयात येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठीचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून आज लिहायला बसले. मोबाईल बघा, पैसे कुठे जातात बघा, मित्र कोण आहेत बघा, इथपर्यंत ठीक. पण खालच्या चौकटीत छापलंय की मुलांसमोर आत्महत्येचा विषयच काढू नका, नसलेलं डोक्यात शिरेल. हे साफ चूक आहे, धोक्याचं आहे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हेच सांगते. छापण्याआधी एखाद्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावला असता तरी कळलं असतं.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. माझा मुलगा अकरावीत होता, भंवरकुआंला कोचिंगला जायचा, सकाळी सहाला घर सोडायचा. दोन टेस्टमध्ये मार्क कमी आले, मग जेवण कमी झालं, रात्री दोन-तीनपर्यंत खोलीतला लाईट चालू, विचारलं तर "काही नाही ग आई". आम्हाला वाटलं अभ्यासाचं टेन्शन, ह्या वयात असतंच. एक दिवस त्याने तबल्याची जोडी खालच्या मजल्यावरच्या मुलाला देऊन टाकली. सहावीपासून वाजवत होता, रामबागेत गणपतीला साथ करायचा, कोणी नुसता हात लावला तरी चिडायचा आणि आता खोळीसकट जोडी, हातोडी, पावडरचा डबासुद्धा देऊन मोकळा! हे म्हणाले, बरं झालं, अभ्यासाकडे लक्ष लागलं. मीही मान डोलावली, हे आजही मला टोचतं. त्यानंतर चार-पाच दिवस तो एकदम शांत, माझ्याशी नीट बोलला, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, आणि आम्ही म्हटलं चला, सुटलो एकदाचे.

सासूबाईंना मात्र ते पटलं नाही. ७८ वर्षांच्या, चौथी शिकलेल्या. त्याला आपल्या पलंगावर बसवलं आणि सरळ विचारलं, "बाळा, जगावंसं वाटत नाही का रे तुला?" मी स्वयंपाकघराच्या दारात होते, माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. तो काही बोलला नाही, आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि इतका रडला की लुगडं ओलं झालं. त्या रात्री आम्ही त्याला एकटं सोडलं नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले. त्यांनी आधी घरातली सगळी औषधं कुलपात ठेवायला लावली, मग म्हणाले, आजींनी विचारलं ते फार चांगलं केलं. आवडती वस्तू वाटून टाकणं, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असं म्हणणं, खूप दिवस उदास असलेलं पोर अचानक शांत होणं, ह्या खुणा त्यांनी आम्हाला समजावल्या. तुमच्या लेखात ह्यातली एक नाही. शाळेत सांगायला गेलो तर दोन महिन्यांनी टीसी घेऊन जा म्हणाले, बाकीच्या मुलांवर परिणाम होतो म्हणे. मुलाला आधार द्यायचा तिथे दार दाखवलं, तो राग अजून गेलेला नाही. आता तो कॉलेजात आहे, बरा आहे, औषध बंद झालंय.

आणखी एक, आता लिहितेच आहे तर. गेल्या महिन्यात तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर एका मुलीच्या आत्महत्येची बातमी होती, फोटो, मार्क, कसं केलं ते सगळं खुलासेवार. २०१९ मध्ये प्रेस कौन्सिलने अशा बातम्यांसाठी नियम घालून दिलेत की पद्धत सांगू नका, बातमी भडक करू नका. ते तुमच्या ऑफिसात कोणी वाचलेत का? २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी असे गेले, हा सरकारी आकडा आहे. त्या बातमीखाली मदतीचा एक नंबर छापायला जागा नव्हती?

१४४१६, टेलिमानस, मानसिक त्रासात बोलायची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, २०२२ पासून आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये विचारलं तर एकालाही माहीत नव्हता, मलाही डॉक्टरांनीच सांगितला. पुढच्या रविवारी तो ठळक छापा, आणि ती चौकट चुकीची होती असंही स्पष्ट लिहा, आतल्या कोपऱ्यात नको, जिथे लेख आला होता त्याच पानावर.

आपली,
एक आई
लोकमान्य नगर, इंदूर