पन्नास आकडे

वाळपई

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू भलतीच वैतागली होतीस. चवथीला गणपतीच्या वर फळं-नारळ टांगतो त्या माटोळीसाठी केलेला तुमचा आकडा (हूक) थ्रीडी प्रिंटरवर छान झाला, नारळही पेलला, मग सर साच्यातून काढलेले एकसारखे ५० नग कशाला मागतात? फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला आलो की कंपनीत कामाला लागलो? माझी होंड्याच्या कारखान्याला जायची बस आली होती, म्हणून तेव्हा काही बोलले नाही.

सरांचं मला पटलं. एक नग कुणालाही जमतो, बसला नाही तर कानस मारायची. पन्नासांना किती कानस माराल? अमेरिकेत एमआयटीतली मेकॅनिकलची मुलं यो-यो बनवतात, हे तूच सांगितलं होतंस. खेळणंच ते, पण डिझाइन त्यांचं, साचाही त्यांचाच, आणि पन्नासेक नगांचे भाग एकमेकांत नीट बसले पाहिजेत.

वितळवून साच्यात भरायला तुम्ही पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक घेणार ना? मग आकसणं आधी धरा. थंड होताना ते साधारण १ ते २.५ टक्के आकसतं. साच्यात १०० मिलिमीटर कापलंत तर हातात ९८-९९ येईल, कधी त्याहून कमी. तेही सगळीकडे सारखं नाही. जाड भाग उशिरा थंड होतो आणि वर खळगा पडतो. तुम्ही मजबुतीसाठी आकड्याचा गळा जाड केलाय, तो खळगा, म्हणजे सिंक मार्क, तिथेच येणार. जाडी उतरवा, आधाराला पातळ पट्टी, म्हणजे रिब द्या. बाजूंना एक-दोन अंश ड्राफ्ट, म्हणजे उतार ठेवा, नाहीतर नग साच्यातून सुटायचा नाही. प्रिंटरला यातलं बरंचसं लागत नाही, म्हणून स्क्रीनवर ते सुचतही नाही. आमच्याकडे नवे इंजिनिअर येतात, ड्रॉइंग सुरेख करतात, आणि पहिल्या आठवड्यात साच्याच्या मशीनवरच्या मोल्डरकडून बोलणी खातात.

आणि घाई करू नका. नग थंड व्हायचा वेळ कापला की वाकडे नग निघतात, मग इन्स्पेक्शनला आम्ही बसतो डोकं धरून.

बाबांचं म्हणणं, माटोळीला सुंभच बरा, प्लास्टिक कशाला? त्यांना उत्तर तूच दे.

शनिवारी येताना नग घेऊन ये. सुरुवातीचे नकोत, साचा नीट तापेपर्यंतचे तसेही टाकायचेच असतात. पुढच्या प्रत्येकावर काढलेल्या क्रमाने नंबर घाल. वाकडे, तुटके वेगळे काढू नकोस, तेही हवेत. मापं घ्यायला व्हर्नियर माझ्याकडे आहे.

तुझी,
आई