रविवारी बोगमाळोला नौदल विमान संग्रहालय: सूचना

सदस्यहो, येत्या रविवारची सहल नक्की आहे. आधी सोमवार ठरला होता, पण सोमवारी संग्रहालय बंद असते.

निघणे: सकाळी ७ वाजता, सावंतवाडी बसस्थानकासमोरून. गाडी कोणासाठीही थांबणार नाही.

गोव्यातील दाबोळी विमानतळाजवळचे हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. सी हॉक आणि आलिझे नीट बघा. १९७१ च्या युद्धात याच जातीची विमाने 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून उडाली होती. २०१६ मध्ये निवृत्त झालेले सी हॅरियरही आहे. माझे लाडके मात्र चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन: आधी एअर इंडिया, मग हवाई दल, शेवटी नौदल! त्याच्यापाशी अर्धा तास तरी जाणार, आत्ताच सांगतो.

• विमाने उघड्यावर आहेत. टोपी आणि पाणी आणा.
• पंखांवर चढू नये, टेकूही नये. मुलांपेक्षा मोठ्यांनाच हे सांगावे लागते.
• शेजारीच नौदलाचा तळ आहे. त्या दिशेने फोटो नकोत, ड्रोन तर आणूच नका.
• तिकीट ज्याचे त्याने काढायचे.

येणाऱ्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत इथेच नाव लिहावे, सोबत किती मुले तेही.