पाणी मुरायला जागा ठेवा

संपादक महोदय,

मी निवृत्त स्थापत्य अभियंता. उभी नोकरी पावसाळी गटारांचे आराखडे काढण्यात गेली. गटाराचा आकार ठरवताना आम्ही पावसाचा जोर, क्षेत्रफळ आणि वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसाचा किती भाग न मुरता वाहून जातो तो आकडा) यांचा गुणाकार करायचो. हिरवळीला हा गुणांक साधारण 0.2, काँक्रीटला 0.9. म्हणजे पाऊस तेवढाच, पण मैदानावर काँक्रीट ओतले की गटाराकडे येणारे पाणी चौपटीहून जास्त. गटार मात्र जुनेच! मग रस्ते तुंबले की ‘विक्रमी पाऊस’ म्हणून हात झटकायचे. (आम्हीही झटकले आहेत, खोटे कशाला बोलू?)

दक्षिण कोरियातील सोल शहरात चोंग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून 2005 मध्ये ओढा पुन्हा उघडा केला. इतरत्र ओढे बुजवून वर वाहनतळ बांधणे चालूच आहे. निदान बांधकाम परवानगी देताना भूखंडाचा किती भाग उघड्या मातीचा राहणार, हे नकाशात मोजून दाखवायला लावा. आणि पदपथावरच्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचे सिमेंट काढा. ते नेमके कुणाच्या हुकमाने घातले जाते, हे मला नोकरीत असतानाही कळले नव्हते.

– एक निवृत्त अभियंता