करारावर नाव एकाचे, घरात माणसे चार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऐरोली आणि महापे येथील कंपन्यांत नोकरीसाठी आलेल्या अविवाहित भाडेकरूंविषयी सोसायट्यांच्या सभांत पुष्कळ बोलले जाते; हे भाडेकरू आपापसांत कसे राहतात, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. गेली सहा वर्षे मी घणसोलीत तीन वेगवेगळ्या घरांत, एकूण अकरा रूम पार्टनरांबरोबर राहिलो आहे. सामाईक घरातली भांडणे स्वभावामुळे होतात असे मलाही आधी वाटत असे. आता वाटते की त्यांतली निम्मी तरी भाडेकराराच्या पहिल्या पानावर, भाडेकरूच्या नावापाशीच सुरू होतात.

आमच्याकडची सर्रास पद्धत अशी की घरात चौघे राहतात, पण करारावर नाव एकाचेच असते. घरमालकाला एकाच माणसाशी बोलणे सोयीचे पडते आणि एजंटाचा व्याप वाचतो. मग सोसायटीची तक्रार आली की मालक त्यालाच फोन करतो, भाडे त्याच्याच खात्यातून जाते, आणि बाकी तिघांकडून दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागत फिरणेही त्याच्याच नशिबी येते. ज्याला मित्र म्हणून राहायचे होते, तो नकळत वसतिगृहाचा रेक्टर होऊन बसतो. उरलेल्या तिघांकडे आपण या घरात राहतो याचा कसलाही कागद नसल्याने, त्याने साधी गोष्ट सांगितली तरी त्यांना ती हुकमासारखी लागते.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण मध्येच पुण्याला गेला. त्याच्या वाट्याचे पंचवीस हजारांचे डिपॉझिट नव्याने आलेल्या मुलाने परस्पर त्याच्या खात्यावर पाठवले; मालकाला याची कल्पनाही नव्हती. घर सोडताना मालकाने रंगकामाचे अठरा हजार कापून उरलेली रक्कम करारावर नाव असलेल्या मित्राला दिली. भिंतीवरचे डाग आपण येण्यापूर्वीचे आहेत, असे नव्याचे म्हणणे होते, आणि ते खरे होते. पुण्याला गेलेला फोन उचलेना. शेवटी त्या वाट्याचे साडेचार हजार करारावर नाव असलेल्या मित्राने स्वतःच्या खिशातून भरले. वर्षभर ज्यांच्याबरोबर एका पातेल्यातली खिचडी खाल्ली, त्यांपैकी दोघांशी त्याचे आजही बोलणे नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. एकाच करारात चार नावे घालता येतात. नावे वाढली म्हणून मुद्रांक शुल्क वाढत नाही. ते एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर मिळून ०.२५ टक्के आकारले जाते. बत्तीस हजार भाडे, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत धरली तर ते साधारण ९०० रुपये होते. त्यावर महापालिका हद्दीतले नोंदणी शुल्क १,००० रुपये. ही दोन शुल्के चौघांत वाटली, तर माणशी पाचशे रुपयेही पडत नाहीत.

नावे आल्याने सगळे मिटते असे नाही. विजेचे बिल हा तर स्वतंत्र विषय आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० चा दुसरा, ३०१ ते ५०० चा त्याहून चढा. आमचा सामाईक वापर २४० युनिटांच्या आसपास असतो. मे महिन्यात एका खोलीतल्या एसीने तो ४४० वर नेला. बिल सरळ चौघांत वाटणे उघडच अन्यायाचे होते, पण एसीची २०० युनिटे सरासरी दराने त्याच्या माथी मारली तरी वरच्या टप्प्याचा भुर्दंड सगळ्यांवर पडतच होता. आता एसीच्या सॉकेटला छोटा मीटर लावला आहे. एसी नसता तर बिल किती आले असते ते काढून तेवढेच चौघांत वाटतो, आणि वरचा फरक एसीवाला भरतो. स्वस्त युनिटांवर माझाही हक्क आहे, असे तो म्हणाला. तो हक्क सामाईक २४० युनिटांत त्याला मिळतोच, हे पटवायला एक अख्खा रविवार गेला.

रात्रपाळीचे तसे लवकर जमले. पोळ्या करणाऱ्या मावशी सातला येतात आणि पहाटे घरी आलेला तेव्हा गाढ झोपेत असतो, म्हणून मिक्सर दहानंतरच लागतो. पाहुणा तीन दिवसांहून जास्त राहिला तर त्याचा डब्याचा व गॅसचा वाटा यजमानाने द्यायचा. हे सारे आम्ही एका वहीत लिहून चौघांच्या सह्या घेतल्या. मित्रामित्रांत लिखापढी कसली, असे माझे वडील म्हणाले. मात्र गावच्या बांधावरून त्यांनी सख्ख्या भावाशी एकोणीस वर्षे अबोला धरला आहे, हे मी त्यांना बोलून दाखवले नाही.

सोसायट्यांना माझी विनंती एवढीच आहे की कराराची प्रत आणि पोलिस ठाण्यात दिलेली भाडेकरूंची माहिती मागताना, करारावरची नावे आणि घरात राहणारी माणसे यांची संख्या जुळते का, तेवढे पाहावे. एजंटांनीही नावे टाळू नयेत. चौघांची नावे घालायची म्हटल्यावर आमच्या एजंटाची अडचण वेगळीच होती: नोंदणीसाठी अंगठ्याचे ठसे आणि फोटो घ्यायला चौघे एका वेळी घरी सापडणार कधी? येत्या रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली आहे आणि रात्रपाळीवाल्याने तेवढी झोप मोडायचे कबूल केले आहे.

आपला,
एक भाडेकरू वाचक,
घणसोली, नवी मुंबई