पावसाच्या पाण्याची पाहणी जानेवारीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेजाऱ्यांच्या पत्र्याचे पाणी आमच्या भिंतीवर पडते, एवढीच मूळ तक्रार. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मागच्या अंगाला, आमच्या कुंपणाला लागून शेड घातली. उतार आमच्याकडे आणि पन्हळ नाही. पहिल्याच पावसाळ्यात आतल्या खोलीच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल चढली, रंगाचे पोपडे सुटले. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवले, ते आजही तसेच आहे.

शेजारी वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. आम्ही बाहेरगावी गेलो की घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. पन्हळीचा विषय काढला तेव्हा ‘पाऊस सरू दे, बघू’ म्हणाले. पाऊस सरला, बघणे राहिले. म्हणून नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात अर्ज दिला. त्यात शेजाऱ्यांबद्दल एक वावगा शब्द नव्हता. शेडला परवानगी आहे का आणि ती सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, येते का, हे जागेवर मोजून कळवावे, इतकेच मागितले होते. मोजायला मलाही येते, पण माझ्या टेपला कोण विचारतो?

पहिल्या खेपेला ‘साहेब साइटवर’ होते. दुसऱ्या खेपेला ‘शेजारी शेजारी आहात, बसून मिटवा’ असा सल्ला मिळाला. तिसऱ्या खेपेला ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’. मध्ये एकदा पोलीस चौकीतही गेलो. ‘बांधकामाचं नगरपरिषद बघते’ म्हणून त्यांनी मला जिथून आलो तिथेच परत पाठवले.

शेवटी पाहणी झाली, ती जानेवारीत. स्वच्छ ऊन पडले होते. आलेल्या कर्मचाऱ्याने मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही. कुंपणावरून डोकावून पत्रा पाहिला, टेप बाहेर काढली नाही, आमच्या खोलीत येऊन ओल पाहायलाही वेळ नव्हता. मग शेजाऱ्यांच्या फाटकाशी जाऊन माझा अर्ज त्यांच्या हातात दिला आणि ‘यांनी केलीय’ म्हणून आमच्या घराकडे बोट दाखवले. मी खिडकीतच उभा होतो. त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाने आमची किल्ली फाटकाच्या कडीला अडकवली आणि हाकही न मारता तो निघून गेला.

माहितीच्या अधिकारात पाहणी अहवाल मागितला. उत्तराची मुदत 30 दिवसांची, आणि या एका बाबतीत कार्यालयाने ती पाळली हे मान्य करतो. अहवालात लिहिले आहे की सदर ठिकाणी पाणी पडताना आढळून आले नाही. जानेवारीत कसे आढळेल? पुढचे वाक्य मात्र जास्त लागले: उभयतांचे संबंध ताणलेले असून प्रकरण आपसी वादाचे दिसते. संबंध ताणलेत हे खरेच, पण ते पाहणीला कोणी येण्याआधी ताणलेले नव्हते. त्यानंतर दोन्ही घरांना एकाच मजकुराचे पत्र आले, की दोघांनी सामोपचाराने राहावे. म्हणजे भिंत माझी भिजली आणि समजही मलाच!

नुकसानभरपाई किंवा जागेची हद्द हा विषय असता तर ‘कोर्टात जा’ हे उत्तर बरोबर ठरले असते. ते मी मागितलेलेच नाही. विनापरवाना बांधकामाला नोटीस देण्याचा अधिकार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 ने नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे आमच्या गावात नगरपरिषदेला, दिला आहे. तक्रार शेजाऱ्याने करो, वाटसरूने करो किंवा कोणीच न करो, शेडचे मोजमाप तेच राहणार. पण अर्जदार शेजारी निघाला की फायलीवर ‘आपसी वाद’ असा शेरा पडतो, आणि मग मोजायची गरज कुणालाच उरत नाही.

आणि थांबून राहणेही फुकट नसते. सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर चालणाऱ्या वापराच्या हक्काचा, 1882 चा कायदा सांगतो की हक्क म्हणून केलेली वहिवाट, जसे पत्र्याचे पाणी शेजारी सोडणे, 20 वर्षे बिनहरकत, अखंड चालली तर तिचा कायम हक्क होऊ शकतो. आमची फाईल ज्या वेगाने सरकते आहे तो पाहता 20 वर्षे मला फार लांब वाटत नाहीत.

शेड नियमात बसत असेल तर तसे एका ओळीत लेखी द्यावे. मी माझ्या खर्चाने भिंतीला जलरोधक गिलावा करून घेईन आणि शेजाऱ्यांची माफीही मागेन. बसत नसेल तर नोटीस ज्याची त्याला द्यावी, दोघांना मिळून उपदेश नको. पुढची पाहणी पाऊस पडत असताना व्हावी, आणि अर्जदाराचा अर्ज दुसऱ्या बाजूला दाखवत फिरण्याची पद्धत मुख्याधिकाऱ्यांनी आधी बंद करावी.

माझे नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. तो कृपया छापू नये. अर्जावर नाव होते, त्याचे काय झाले ते वर लिहिलेच आहे.

आपला,
एक वाचक