दुसरी बोट घेण्याआधी

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दुसऱ्या बोटीचं सांगितलंत आणि मी नुसतं "हं, हं" करत राहिले. तुमचा आवाज इतका खुशीत होता की मधे बोलायचा धीर झाला नाही. रात्री मात्र झोप लागली नाही. हे फोनवर तुटक तुटक सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहितेय. आईला मोठ्याने वाचून दाखवा, मला तिचंही मत हवंय.

आधी मुद्द्याचं सांगते. कर्जाच्या कागदांवर आत्ता सही करू नका. मी घरी येईपर्यंत तरी थांबा.

मी मालवाहतुकीचं शिक्षण घेते म्हणून काकांनी मागे विचारलं होतं, माल इथून तिथे न्यायचा, त्याला विद्यापीठ कशाला? तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देते. माल वाटेत कुठे अडतो, कुठे नासतो आणि हातात आहे तेवढ्यातच जास्तीत जास्त पदरात कसं पाडायचं, ते आम्ही शिकतो. वर्गात उदाहरणं कंटेनरची, गोदामांची असतात. न्हावा-शेवा बंदरही दाखवून आणलं. पण समोर कुठलंही गणित आलं तरी मला हर्णैचा किनाराच दिसतो, आणि त्यातही गेल्या ऑक्टोबरातली ती खेप.

बांगडा भरभरून लागला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट आली तेव्हा खणाच्या, म्हणजे मासळी बर्फात ठेवायच्या कप्प्याच्या, तळाला बर्फ उरलाच नव्हता, नुसतं लालसर पाणी. बैलगाडीतून माल वर आला. घेणाऱ्याने एक बांगडा उचलला, कल्ला उघडून पाहिला, अंगठ्याने पोट दाबलं आणि मासा परत टोपलीत ठेवून दिला. बोलला काहीच नाही. अर्ध्याहून जास्त माल खताच्या भावात गेला. तुम्ही त्या रात्री न जेवता पडवीत बसून होतात, हे आईने मला खूप नंतर सांगितलं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी थर्मामीटर घेऊन आले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा "कॉलेजचं काम आहे" एवढंच म्हटलं. आई बॅटरी धरून उभी राहिली आणि मी तुमच्या खणातल्या मासळीच्या पोटात सुई घालून आकडे उतरवले. मधल्या मासळीत 2 अंश. फळीला टेकलेल्या मासळीत 11. एकच खण, एकच बर्फ, आणि फरक एवढा.

हा फरक किती महागात पडतो ते सांगते. मासळी शून्य अंशावर ज्या वेगाने खराब होते, त्याच्या साधारण चौपट वेगाने ती 10 अंशांवर खराब होते. म्हणजे फळीजवळच्या बांगड्याचा एक दिवस म्हणजे बर्फातल्या बांगड्याचे चार दिवस. शिवाय बांगडा गरम राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. बांगडा खाऊन अंगावर गांधी उठल्या की आपण "बाधला" म्हणतो, त्यात पुष्कळदा हेच असतं.

आता बर्फाचा हिशोब. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. दोन टन मासळी 30 अंशांवरून शून्यावर आणायची तर साधारण 48,000 किलोकॅलरी काढाव्या लागतात. भागा 80 ने. 600 किलो बर्फ. तुम्ही नेता दोन टन! मग उरलेले 1400 किलो जातात कुठे? फळ्यांतून, झाकणातून, इंजिनाच्या बाजूच्या भिंतीतून जी ऊब आत येते, ती मारण्यात. बाबा, तुम्ही पैसे मोजून घेतलेला दोन तृतीयांश बर्फ मासळीला लागतच नाही, लाकडातून झिरपणाऱ्या उन्हाला लागतो. हे गणित मी तीनदा तपासलं आणि मग सरांनाही दाखवलं. आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण चित्र हेच आहे.

मे महिन्यात तुमच्या वहीतल्या खेपा मी उतरवून घेतल्या होत्या. खण भरला म्हणून परत फिरलात अशा खेपा सगळ्या मिळून दोन. बाकी प्रत्येक वेळी बर्फ संपत आला म्हणून फिरलात. 1947 साली जॉर्ज डँट्झिग नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने, हातातल्या मोजक्या गोष्टींतून जास्तीत जास्त पदरात कसं पाडायचं, अशी गणितं सोडवायची एक पद्धत काढली, ती आजही शिकवतात. तिच्यातून एक आकडा निघतो, शॅडो प्राइस. साध्या भाषेत, जी गोष्ट कमी पडतेय ती आणखी थोडी मिळाली तर पदरात किती जास्त पडेल, तो आकडा. जी गोष्ट कमीच पडत नाही, तिचा आकडा शून्य. तुमच्या वहीवरून बर्फाचा आकडा मोठा येतो आणि खणातल्या जागेचा जवळजवळ शून्य. दुसरी बोट म्हणजे आणखी जागा.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या बोटीला वेगळा बर्फ घेऊ. पण ऐन हंगामात कारखान्यासमोर रांग लावून मिळतो तेवढाच मिळतो. तोच दोन बोटींत वाटला तर दोन्ही अर्धवट खेपा करतील. डिझेल मात्र दुप्पट, खलाशी दुप्पट, हप्ता वेगळा. आणि दुसऱ्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, कोण? बर्फ मुबलक मिळायला लागला तर माझं गणित उलटेल, हे मी कबूल करते. तसं झालं तर दुसऱ्या बोटीच्या पूजेचा नारळ मी स्वतः आणेन.

आत्ता बोट शाकारलेली आहे, 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदीच आहे. एवढ्यात खणाला आतून पफचं, म्हणजे ऊब अडवणाऱ्या पॉलियुरेथेन फोमचं, अस्तर आणि वर फायबरचा थर करून घेऊ. थर्मोकोल नको, तो पाणी पितो आणि मग काही कामाचा राहत नाही. झाकणही जाड हवं. आत येणारी ऊब निम्म्यावर आली तरी 700 किलो बर्फ वाचतो. दुसऱ्या बोटीच्या तुलनेत हा खर्च अगदीच थोडा आहे. आणि खलाशांना सांगा, झाकण उघडं टाकून जाळं आवरायला जायचं नाही.

आई, आता तुझं. दापोलीला विकायला नेण्यासाठी रोज किती मासळी उचलायची, हे तू संकष्टी, गुरुवार, श्रावण बघून ठरवतेस. आमच्या पुस्तकात हेच गणित पेपरविक्याचं म्हणून आहे. माल कमी पडून बुडालेला नफा एकीकडे, उरलेल्या मालाचं नुकसान दुसरीकडे, दोन्ही तोलून आकडा काढायचा. उरलेलं तू खारवतेस, सुकवतेस, म्हणून तुझं उरल्याचं नुकसान इतरांपेक्षा कमी असतं. तेव्हा तू थोडा जास्त माल उचललास तरी चालेल, बिनधास्त उचल. बाबा याला हावरटपणा म्हणतात ते बरोबर नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मोटारसायकलवर बसवायच्या बर्फपेटीला अनुदान असतं, स्त्रियांना 60 टक्क्यांपर्यंत, इतरांना 40. तुझ्या नावावर अर्ज करता येईल का, ते मी आल्यावर आपण दोघी जाऊन विचारू.

बंदी लागायच्या आधी एकदा पहाटे मुंबईच्या ससून डॉकला गेले होते. 1875 सालचा धक्का, पाय ठेवायला जागा नव्हती. तिथेही घेणारे तसेच कल्ला उघडून बघत होते. ज्या टोपलीत बर्फाचा चुरा मासळीच्या खाली, वर आणि मधे होता, तिच्यावर पहिली बोली लागत होती. मी तिथेच उभी राहून तुमच्या बांगड्याचा विचार करत होते.

बाबा, रागावू नका. तुम्ही पाण्यात काढलेल्या वर्षांपुढे माझी दोन वर्षं काहीच नाहीत, हे मला कळतं. पण ती खेप माझ्याही डोळ्यांपुढून जात नाही. वहीतली ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं राहिली आहेत, त्यांचे फोटो पाठवा. खणाची लांबी, रुंदी, खोली आणि फळीची जाडी टेपने मोजून कळवा. मी शनिवारी रात्रीच्या एसटीने निघतेय. सोबत थर्मामीटर आहे, आणि पफच्या दोन कारखानदारांचे दर लिहून आणतेय.

गुडघ्याला तेल लावत जा. आईला सांगा, सुकट ठेव, मुंबईची खारट लागते.

तुमची,
बाय