वेसीना, त्या लाल भाताबद्दल

प्रिय वेसीना (म्हणजे आमच्या शेजारीणबाई),

हे पत्र मराठीत लिहितेय. तुमची नात ते फोनवर स्पॅनिश करून तुम्हाला वाचून दाखवील आणि ते भाषांतर काहीच्या काही निघेल, त्याला माझा इलाज नाही. माझं स्पॅनिश ऑफिसपुरतं आणि भाजीबाजारापुरतं. मनापासून आभार मानायची वेळ आली की ते ‘ग्रासियास, मुचास ग्रासियास’च्या पुढे सरकत नाही. शिवाय हे सगळ्यांदेखत लिहायला दुसरंही कारण आहे. मेक्सिकोत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यांच्यातल्या काहींनी तर जरूर वाचावं.

आमच्या सासूबाई मंगळवेढ्याहून केरेतारोला राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या जेवणाची मला धास्तीच होती. त्या माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ. इथे शाकाहारी माणूस उपाशी मरत नाही, पण त्याला ताटातल्या प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी घ्यावी लागते. घेवडा दिसतो साधा, पण परतलेला असतो डुकराच्या चरबीत. तामालच्या पिठात तीच चरबी. गव्हाच्या तोर्तियातही बऱ्याचदा तीच. मक्याची तोर्तिया मात्र बिनधास्त खावी. मका, चुना आणि पाणी, बाकी काही नाही. आई तीच खायच्या, सोबत मीठ-लिंबू लावलेला आवाकादो आणि नोपालची भाजी. ‘एवढ्या लांब येऊन निवडुंग खातेय बघ,’ असं गावाकडे फोनवर सांगायच्या आणि हसायच्या.

मग तो फोंदा, म्हणजे घरगुती जेवणाची खानावळ. नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे कुठला ते. दुपारचं साधं जेवण: आधी सूप, मग भात, मग रस्सा. सूप आईंनी बाजूला सारलं. भात समोर आला तो लालसर, मोकळा, मटार आणि गाजराचे बारीक तुकडे घातलेला. त्यांचा चेहरा एकदम खुलला. ‘अगं, हा तर आपला टोमॅटो भात!’ मी गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, यात मांस? नाही. कोंबडी? नाही हो, काहीच नाही. आई पोटभर जेवल्या, इथे आल्यापासून पहिल्यांदा. पैसे देताना मी कौतुकाने कृती विचारली, तर आतून आचारी अभिमानाने म्हणाला, सगळी गंमत रश्श्यात आहे, रोज सकाळी कोंबड्या उकळतो.

गल्ल्यावरच्या बाईंना वाटलं, भातात तुकडा नाही म्हणजे कोंबडी नाही. फसवायचा हेतू नसेल, मान्य. पण मी स्पष्ट शब्दांत विचारलं होतं, आणि समोरच्या म्हातारीच्या गळ्यातली माळ आंधळ्यालाही दिसली असती. नंतर परत जाऊन बोलले, तर खांदे उडवून ‘सोलो काल्दितो’ म्हणाल्या. नुसता रस्सा तर आहे.

आई एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी येऊन चुळा भरल्या, डोक्यावरून आंघोळ केली आणि हरिपाठ म्हणत बसल्या. पुढे बरेच दिवस दूध, केळी आणि मी डोळ्यासमोर केलेली भाकरी, एवढंच. भाकरीही अर्धी.

आता आपल्या माणसांचं ऐका. दिवाळीच्या फराळाला जमलो होतो, तिथे मी हे बोलले. एक काका म्हणाले, परदेशात आल्यावर एवढं धरून बसायचं नसतं. एक ताई म्हणाल्या, माळ काढून ठेवा की तेवढे महिने, परत गेल्यावर घाला, विठोबा काय मेक्सिकोत बघायला येतोय? आणि सगळे हसले. आई तिथेच बसल्या होत्या, चिवड्याची वाटी हातात धरून. त्याही हसल्या, कारण चारचौघांत रडता येत नाही. हेच काका ऑफिसच्या पार्टीत ‘बीफ नाही ना, बीफ नाही ना’ करत दहा जणांना विचारत फिरतात. तेव्हा मात्र ती श्रद्धा असते.

घरी करून घालावं म्हणून कृती शोधल्या. आपल्याकडच्या व्हिडिओंतला ‘व्हेज मेक्सिकन राइस’ म्हणजे राजमा, तीन रंगांची ढोबळी मिरची, वर ओरेगानो आणि जमलं तर चीज. पुण्याच्या हॉटेलांत ठीक आहे, पण आईंना हवा होता तो भात हा नव्हे. इथल्या कृतींत ‘शाकाहारी’ असं ठळक लिहून खाली ‘चिकन पावडर, एक चमचा’.

आणि मग गच्चीत कपडे वाळत घालताना तुम्ही मला अडवलंत. सेन्योरा वाळत का चालल्यात, आजारी आहेत का? मी सांगायला लागले. मला वाटलं होतं की माळ, वारी, एकादशी हे सगळं समजवायला अर्धा तास जाईल आणि शेवटी तुम्हीही खांदे उडवाल. तुम्ही दोन वाक्यांत थांबवलंत. ‘म्हणजे विखिलिया. आमची शुक्रवारी, तीही क्वारेस्मापुरती. तुमची बारा महिने.’ ईस्टरआधीच्या त्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस खायचं नाही हे तुम्ही लहानपणापासून पाळत आलात, त्यामुळे तुम्हाला फोड करून सांगावं लागलं नाही. ‘का’ हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. काय चालतं आणि काय नाही, एवढंच विचारलंत, आणि तेही नीट, एकेक करून. कांदा? लसूण? तूप?

तुम्ही बोलावलंत तो पहिला दिवस नेमका एकादशीचा निघाला. भातच वर्ज्य! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलंत आणि माझ्याकडून पुढच्या एकादश्या विचारून घेऊन त्या चौकोनांत लिहिलंत, ‘नो अर्रोस’, भात नाही. कॅलेंडर खाटकाच्या दुकानातून फुकट मिळालेलं, वर बैलाचं चित्र, कुठल्या तुकड्याला काय म्हणतात ते दाखवणारं. आईंना ते चित्र दिसू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले होते. त्यांनी पाहिलंच. म्हणाल्या, राहू दे गं, बाईंनी एकादशी लिहिलीय त्याच्यावर.

द्वादशीला गेलो. तुमचं नेहमीचं मातीचं भांडं तुम्ही खाली घेतलंच नाहीत. त्या मातीत इतक्या वर्षांचा कोंबडीचा रस मुरलाय, त्यात करायचं नाही, म्हणालात. हे मला सुचलंसुद्धा नसतं. कपाटाच्या वरच्या फळीवरून कधी न वापरलेलं पातेलं काढलंत आणि ते आईंच्या हातात दिलंत, त्यांनी स्वतः विसळावं म्हणून. रस्सा केला गाजर, चायोते (दुधीसारखी इथली फळभाजी), कांदा आणि कोथिंबिरीच्या काड्यांचा.

कृती मी इथे लिहीत नाही, ती आईंच्या वहीत आहे. पण तांदूळ परतण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमचं माहेर मोरेलोस राज्यातलं, त्यामुळे तांदूळ मोरेलोसचाच हवा हा हट्ट. जाड दाणा, मधोमध पांढरं पोट. त्या तांदळाला 2012 साली मूळस्थानाचा अधिकृत दर्जा मिळाला, हे तुम्ही एखाद्या भाच्याची पदवी सांगावी तशा सांगता. गरम पाण्यात भिजवलेला, नितळ पाणी येईपर्यंत धुतलेला आणि चाळणीत निथळलेला तो तांदूळ तुम्ही तेलात घातलात. आईंना वाटलं, दोन मिनिटं परतून पाणी घालायचं. तुम्ही परततच राहिलात. आधी दाणे एकमेकांना चिकटले, मग सुटे झाले, मग कडेचे सोनेरी व्हायला लागले. तुम्ही आईंना खांद्याला धरून पुढे घेतलंत आणि कानाकडे बोट दाखवलंत. ऐका. उलथनं फिरवलं की पातेल्यात वाळू सरकल्यासारखा आवाज यायला लागला होता. तोवर थांबायचं. आईंनी मान डोलावली ती अशी, जशी त्या कीर्तनात एखादं निरूपण पटलं की डोलावतात.

मग मिक्सरमधून काढून गाळलेला टोमॅटो, त्याचा चर्र आवाज, लाल रंग गडद होईपर्यंत धीर, मग रस्सा. वर एक चीर दिलेली सेरानो मिरची आणि कोथिंबिरीची अख्खी जुडी. झाकण. आईंनी सवयीने डाव घेऊन हलवायला हात पुढे केला आणि तुम्ही चक्क त्यांच्या हातावर चापट मारलीत. माझ्या सासूबाईंच्या हातावर! चाळीसएक माणसांचा स्वयंपाक एकहाती करणारी बाई ती. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. भात शिजायला वेळ लागतो म्हणून त्या सारख्या चुळबुळत होत्या. केरेतारो साधारण 1,800 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग बाई कुकर का घेत नाहीत?

तेवढ्या वेळात तुमचं भांडणही लागलं, दुभाषी मी. आई म्हणाल्या, हा भात आमचा. तुम्ही म्हणालात, आमचा. तांदूळ इथे स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणला, आणि टोमॅटो इथूनच निघून जगभर जाता जाता आमच्या सारापर्यंत पोचला, असं सांगून मी दोघींना गप्प करायला गेले. दोघीही म्हणाल्या, म्हणजे माझंच बरोबर.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुमचे आभार मानलेच असते. पण हे पत्र त्यासाठी नाही. ते पुढच्या रविवारसाठी आहे.

त्या रविवारी तुमच्याकडे सगळं खटलं जमलं होतं. मुलं, सुना, दीर, नातवंडं. आम्हालाही बोलावलं होतं. मी मनाची तयारी करून गेले होते की आईंसाठी एका कोपऱ्यात झाकलेली छोटी वाटी असेल. आपल्याकडेही पाहुण्याचं पथ्य असलं की तसंच करतात, आणि प्रेमाने करतात. पण त्या वाटीबरोबर दहा जणांच्या नजरा येतात. यांचं वेगळं हं. यांना नाही चालत. आईंनी इथे आल्यापासून ते पुष्कळ सोसलं होतं.

टेबलावर एकच पातेलं होतं, केवढं तरी मोठं. शेजारी तुमचा मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, कोंबडीचे तुकडे घातलेला, ज्याला हवा त्याने घ्यावा. भात मात्र सगळ्यांना त्या एकाच पातेल्यातला, भाज्यांच्या रश्श्यातला. तुम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतंत. तुमच्या थोरल्याने दोन घास खाल्ले, थांबला आणि म्हणाला, मा, आज भाताला काहीतरी कमी आहे.

तुम्ही आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. तोर्तियांवरचं फडकं सारखं करता करता म्हणालात, ‘काही कमी नाहीये. आज असा केलाय.’ आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढलात.

आईंना शब्द कळले नाहीत. त्यांनी विचारलं, काय म्हणाला गं तो? मी सांगितलं. त्या बराच वेळ ताटाकडे बघत होत्या. मग त्यांनी आपणहून ताट पुढे केलं. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. परक्याच्या घरी त्या कधीही दुसऱ्यांदा मागत नाहीत.

वेसीना, तुमच्यासाठी ही फार छोटी गोष्ट असेल. आठवतही नसेल. पण मी त्या वाक्यावर अजून विचार करते. तुम्ही ‘सेन्योरांसाठी केलाय’ असं म्हणाला असतात तरी ते खरंच होतं, चांगुलपणाचंच होतं, आणि सगळ्यांनी ‘वा वा’ केलं असतं. पण मग आईंना ते ओझं झालं असतं. तुम्ही आपल्या मुलाची नाराजी स्वतःवर घेतलीत आणि पाहुणीला पाहुणीही राहू दिलं नाहीत, घरातली केलीत. अशी समज शिकवून येत नाही. आमच्याकडे देवाधर्माच्या नावाने खूप बोललं जातं, जेवणाच्या पंगतीत कुणाला कुठे बसवायचं यावरही पिढ्यान्‌पिढ्या खूप खल झालाय. त्या खलातून आलेल्या लोकांनी माझ्या सासूला माळ काढून ठेवायला सांगितलं. तुम्ही पंढरपूर ऐकलेलं नाही, विठोबा कोण ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही वीस जणांच्या घराचा भात बदललात.

आणखी एक कळलंय. तुम्ही त्या फोंद्यात जाऊन आलात ना? मला तुमच्या सुनेनेच सांगितलं. गल्ल्यावरच्या बाईंना काय काय ऐकवलंत त्याचं भाषांतर करायला ती तयार नाही, पण आता तिथल्या फळ्यावर भातापुढे खडूने ‘कोन काल्दो दे पोयो’, कोंबडीच्या रश्श्यातला, असं लिहिलेलं असतं. मी स्वतः पाहिलंय. त्याचेही आभार.

आई मंगळवेढ्याला सुखरूप पोचल्या. दर फोनला बाईंचं कसं चाललंय विचारतात, मटार आधी घालायचा की नंतर ते विचारतात, आणि तिकडच्या कोलमला तो वाळूचा आवाज येत नाही म्हणून कुरकुरतात. भजनी मंडळाच्या बायकांना त्यांनी हा भात करून घातला, सगळ्यांना आवडला. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगू नकोस अशी ताकीद आहे मला. पण तुमच्यापाशी काय लपवायचं. त्यांनी त्यात कढीपत्ता घातला, आणि वरून मोहरीची फोडणी दिली.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची वेसीना